शंभर गुण, तास एकही नाही

(दृश्य: हायस्कूलचं आवार. भिंतीवर चिकटवलेल्या बैठक क्रमांकांच्या याद्या, त्यांवर बोट फिरवणारी मुलं.)

परीक्षा पाचवीला होती तेव्हाचा, फेब्रुवारीतला रविवार. तालुक्याच्या हायस्कूलला आज सुट्टी, तरी आवार भरलंय. वाड्या-वस्त्यांवरून कुणी वडापने, कुणी मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आलंय. सगळी पाचवीची मुलं. सोबत आईवडील थोडे, गुरुजी आणि बाईच जास्त. आज शिष्यवृत्तीची परीक्षा.

अकराला पहिला पेपर, दोनला दुसरा, मधे डबा. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न आणि दीड तास. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला सव्वा मिनिटही येत नाही. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचा हा पेपर याच वेळी गडचिरोलीतलं मूल सोडवतंय आणि गिरगावातलंही. कुणी मराठीतून, कुणी उर्दूतून, कुणी कन्नड किंवा तेलुगूतून. उत्तर लिहायचं नाही, चार पर्यायांतला एक गोल रंगवायचा. दोन गोल रंगवले की प्रश्न हातचा गेला, आणि पेनने रंगवलेला गोल खोडायची सोय नाही.

एकूण गुण ३००. प्रथम भाषेला ५०, इंग्रजीला ५०, गणिताला १००. उरलेले १०० बुद्धिमत्ता चाचणीचे.

या शेवटच्या शंभराकडे नीट बघू.

(दृश्य: फळ्यावर लिहिलेला प्रश्न.)

एका रांगेत मीना पुढून बारावी आहे आणि मागून नववी. रांगेत एकूण मुलं किती?

हा प्रश्न पहिल्यांदाच बघणारं मूल बारा आणि नऊ मिळवतं, एकवीस म्हणतं आणि पुढे जातं. पर्यायांत एकवीस हमखास असतोच, पेपर काढणाऱ्यांनी तो मुद्दाम ठेवलेला असतो. ज्याने असे पाच-दहा प्रश्न सोडवलेत ते मूल मात्र मीना दोनदा मोजली गेली हे ओळखतं, एक वजा करतं आणि वीसचा गोल रंगवतं. आरशातली प्रतिमा, पाण्यातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, विसंगत घटक, दिनदर्शिकेवरचे प्रश्न, यांचंही तसंच. नाव बुद्धिमत्ता चाचणी, पण निम्मं काम सरावाचं.

आणि या सरावाला शाळेच्या वेळापत्रकात तासच नाही. भाषा आहे, गणित आहे, परिसर अभ्यास आहे, कार्यानुभवसुद्धा आहे. बुद्धिमत्तेचा तास कुठेच नाही. शंभर गुणांचा विषय शिकवायचा तो शाळा भरण्याआधी, शाळा सुटल्यावर किंवा दिवाळीच्या सुट्टीत. जिल्हा परिषदेच्या शाळांत याला साधं नाव आहे: जादा तास. ते घ्यावेत असं वरून सांगितलं जातं. पण कोण घेतं आणि कोण नाही, हे शेवटी त्या-त्या गुरुजींच्या आणि बाईंच्या मनावर.

(दृश्य: सकाळचं कोवळं ऊन, व्हरांड्यात बसलेली मुलं, मधे सराव प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा.)

कोल्हापूर जिल्ह्यातले भुदरगड, राधानगरी, कागल हे तालुके शिष्यवृत्तीसाठी राज्यभर ओळखले जातात. डोंगराकडेच्या शाळांतली मुलं तिथून गुणवत्ता यादीत येतात. बाहेरच्या माणसाला याचं कोडं पडतं. कोडं काही नाही. तिथे जादा तासाची रीत पडून गेली आहे. एका गुरुजींनी लावली, पुढच्यांनी मोडली नाही, पालकांनीही ती मागून घेतली. मुलं सगळीकडे सारखीच असतात, एवढं म्हणायला कुठल्या अभ्यासाची गरज पडू नये.

आता निकालाचे आकडे. २०२४ मध्ये पाचवीची पाच लाखांच्या आसपास मुलं बसली. दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के मिळवून पात्र ठरली ती साधारण चौथा हिस्सा. प्रत्यक्ष शिष्यवृत्ती मिळते ती याहून कितीतरी कमी जणांना, कारण संच, म्हणजे द्यायच्या शिष्यवृत्त्यांची संख्या, ठरलेले आहेत आणि ग्रामीण-शहरी याद्या वेगळ्या लागतात. रक्कम म्हणाल, तर पाचवीला वर्षाला जास्तीत जास्त हजार रुपये हाच आकडा वर्षानुवर्षं चालला. २०२३ मध्ये तो पाच हजारांवर गेला. पैशांसाठी कुणी या परीक्षेला बसत नव्हतं, हे त्या हजारावरूनच कळतं.

शाळेच्या फाटकावर मग फ्लेक्स लागतो: शिष्यवृत्तीचा निकाल १०० टक्के. फ्लेक्स खोटा नसतो. फक्त किती मुलं बसवली होती, ते त्यावर लिहिलेलं नसतं. तीसच्या वर्गातली चार निवडून बसवली आणि चारही पात्र ठरली, तरी शंभर टक्केच. शेजारच्या शाळेने तीसच्या तीस बसवली, बारा पात्र ठरली, तर तिच्या नावापुढे चाळीस. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीत कौतुक पहिल्या शाळेचं होतं. आम्हाला विचाराल तर जादा तास खरे दुसऱ्या शाळेत झालेले असतात.

(दृश्य: चौथीपर्यंतची शाळा. दोन खोल्या, एक व्हरांडा.)

ही परीक्षा १९५४-५५ पासून आहे, आणि कित्येक वर्षं ती चौथी-सातवीला व्हायची. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत धरली, म्हणून २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला नेली. कागदावर बरोबर. गावात मात्र जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच ठिकाणी चौथीलाच संपते. पाचवीला मूल हायस्कूलमध्ये जातं, तिथे त्याला ओळखणारं कुणी नसतं, आणि हायस्कूलचं सगळं लक्ष दहावीकडे. ज्या गुरुजींनी पहिलीपासून मूल घडवलं, त्यांच्या हातून परीक्षेचं वर्षच गेलं. त्यांच्याकडे जादा तास घ्यायला वर्ग उरला नाही आणि ज्यांच्याकडे वर्ग आला त्यांना ती सवय नव्हती. मग परीक्षेला बसणारी मुलं घटली तर दोष कुणाला द्यायचा?

२०२५ मध्ये शासनाने परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला न्यायचं ठरवलं. चौथीच्या गुरुजींना त्यांचं वर्ष परत मिळतंय. पण मधल्या दहा वर्षांत शाळांची पटसंख्या घसरलीय. द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत, एकाच फळ्यावर मधे रेघ मारून शिकवली जाते. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं हे आहेच. आणि चौथीचं मूल पाचवीच्या मुलाहून वर्षाने लहान, त्याला दीड तास एका जागी बसवणं हीच आधी शिकवायची गोष्ट.

जुन्या गुरुजींनी कपाटातल्या चौथीच्या प्रश्नपत्रिका पुन्हा काढल्यात. नव्यांनी त्यांच्याकडून झेरॉक्स मागितल्या आहेत. वेळापत्रक तेच आहे, बुद्धिमत्तेच्या तासाचा रकाना त्यात अजूनही नाही.