बर्न्सला अडवायचं कोणी?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलणार आहे ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या, म्हणजे आमच्या एनसी स्टेटच्या बास्केटबॉल संघाबद्दल. इंजिनियरिंगचं मास्टर्स करायला राली शहरात आलेलं कोणी ना कोणी तुमच्या नात्यात असेलच. मीही त्याच वाटेनं आले आणि या खेळाचं वेड इथेच लागलं. जवळच डरममध्ये ड्यूक विद्यापीठ, चॅपल हिलमध्ये यूएनसी विद्यापीठ, आणि दोघांची कपाटं विजेतेपदांनी भरलेली. आमची राष्ट्रीय विजेतेपदं दोनच, 1974 आणि 1983 ची. हातात आलेला सामना शेवटच्या क्षणी निसटला की इथला चाहता म्हणतो, "हे फक्त स्टेटच्याच नशिबी!"

मार्च 2024 मध्ये नेहमीचे सामने संपले तेव्हा आम्ही 17 जिंकलेले, 14 हरलेले, आणि त्यातही शेवटचे चार सामने लागोपाठ हरलेले. कोच केव्हिन कीट्स यांची नोकरी राहते की जाते, यावर उघड चर्चा चालू होती. देशातल्या 68 संघांच्या मोठ्या स्पर्धेत शिरायला एकच दार उरलं होतं: आमच्या एसीसी या विद्यापीठांच्या गटाची स्पर्धा जिंकायची. आमचं मानांकन दहावं, म्हणजे पाच दिवसांत पाच सामने.

मंगळवारी लुइव्हिल, बुधवारी सिराक्यूज, गुरुवारी ड्यूक. तिथवर मी "चला, इज्जत राखली" एवढंच म्हणत होते. शुक्रवारी व्हर्जिनिया. पाचेक सेकंद उरलेले, आम्ही तीन गुणांनी मागे, आणि त्यांचा खेळाडू फ्री थ्रोला, म्हणजे कोणी न अडवता मारायच्या एका गुणाच्या फटक्याला, उभा. नियम असा की पहिला फटका आत गेला तरच दुसरा मिळतो. पहिलाच चुकला. चेंडू मायकेल ओकॉनेलकडे आला. तो धावत अर्धं मैदान ओलांडून गेला आणि भोंगा वाजता वाजता त्यानं तोल सांभाळत चेंडू भिरकावला. फळीवर आपटला, कड्यावर नाचला आणि आत. 58-58. ओव्हरटाइममध्ये आम्ही 73-65 असे जिंकलो. शनिवारी, 16 मार्चला, यूएनसीला 84-76 असं हरवलं. एसीसीचा चषक 1987 नंतर पहिल्यांदाच आमच्या घरी आला.

याला सगळे चमत्कार म्हणतात. ओकॉनेलच्या त्या चेंडूपुरतं मलाही मान्य आहे. बाकीच्या सामन्यांना मी तो शब्द लावणार नाही, कारण त्यामागे एक साधं गणित होतं आणि त्याचं नाव डीजे बर्न्स.

हा गडी 6 फूट 9 इंच उंच, वजन 275 पौंड, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास, आणि डावखुरा. आजकाल जो तो लांबून तीन गुणांचे फटके मारतो. बर्न्सचं तसं नाही. तो बास्केटकडे पाठ करून चेंडू मागतो आणि विरारच्या लोकलमध्ये पाठीनं जागा करत शिरणाऱ्या माणसासारखा हळूहळू आत सरकतो. मग एक गिरकी, आणि डाव्या हातातून अलगद चेंडू. त्याची पावलं बघत राहावी अशी आहेत. शिवाय सगळा वेळ चेहऱ्यावर हसू.

समोरच्या कोचपुढे पेच असा की याच्यावर एकच माणूस ठेवावा तर तो गुण करतो, आणि दुसरा मदतीला धाडावा तर आमचा कोणीतरी मोकळा राहतो. बर्न्सला तो मोकळा माणूस पाठीमागेही दिसतो. मोठ्या स्पर्धेत अकराव्या मानांकनावरून आम्ही आधी टेक्सस टेकला हरवलं, मग ओव्हरटाइममध्ये ओकलंडला. पुढे मार्केट विद्यापीठाच्या संघानं त्याच्यावर दोन-दोन माणसं घातली. बर्न्सचे गुण फक्त चार, पण त्याच्या पासवर सात बास्केट झाले, आणि सामना 67-58 आमचा. दोनच दिवसांनी ड्यूकनं बराचसा वेळ एकाच माणसावर भागवून पाहिलं. बर्न्सनं 29 गुण कुटले. मध्यंतराला मागे असलेलो आम्ही 76-64 असे जिंकलो आणि 1983 नंतर प्रथमच शेवटच्या चार संघांत पोचलो.

त्या 1983 च्या आठवणी इथली वडीलधारी मंडळी अजून काढतात: कोच जिम व्हल्व्हानो, अंतिम सामन्यात समोर ओलाजुवॉन या नावाजलेल्या खेळाडूचा ह्यूस्टन संघ, आणि अखेरच्या क्षणी लोरेन्झो चार्ल्सनं हवेतच पकडून कोंबलेला चेंडू, 54-52. 2024 च्या पोरांना मात्र त्या इतिहासाचं ओझं नव्हतं. बर्न्स विन्थ्रॉपमधून आलेला, ओकॉनेल स्टॅनफर्डमधून, केसी मोर्सेल तर चक्क व्हर्जिनियातून. डीजे हॉर्न रालीचाच, पण तोही ॲरिझोना स्टेटमार्गे परतलेला. खेळाडू असे कॉलेजं बदलतात म्हणून जुने चाहते नाकं मुरडतात. मला वाटतं, "स्टेटच्याच नशिबी" हे रडगाणं ज्यांनी कधी ऐकलंच नाही, तेच ते मोडू शकले. आणि फ्रान्सचा मोहम्मद दियारा! रमजानचे रोजे धरून तो हे सगळे सामने खेळला. दुपारच्या सामन्यात पाण्याचा थेंब नाही, आणि तरी रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, सगळ्यांच्या वर उडी.

मग 6 एप्रिलला ॲरिझोनात पर्ड्यू समोर आला. त्यांचा झॅक ईडी, 7 फूट 4 इंच. इथे आमचं गणित चुकलं, म्हणजे ते सोडवणारा पहिला संघ भेटला. पर्ड्यूला दुसरा माणूस धाडायची गरजच पडेना. बर्न्सनं कितीही रेटलं तरी ईडी जागचा हलेना, आणि गिरकी घेऊन चेंडू वर टाकावा तर त्याच्याही वर ईडीचा हात. बर्न्सचे आठच गुण झाले. कोणी मोकळं राहिलं नाही, म्हणून बाहेरच्या पोरांना सोपे फटके मिळाले नाहीत. 63-50. पोरं थकली होती असं बरेच जण म्हणाले. असतीलही, पण ताजीतवानी असती तरी ईडीची उंची कमी होणार नव्हती.

या गडबडीत आमच्या मुलींच्या संघाकडे व्हावं तेवढं लक्ष गेलं नाही, याचा मला राग आहे. ज्या दिवशी पोरांनी ड्यूकला हरवलं त्याच दिवशी, 31 मार्चला, पोर्टलंडमध्ये मुलींनी टेक्ससला 76-66 असं हरवून शेवटच्या चारांत जागा मिळवली, 1998 नंतर पहिल्यांदा. त्या मैदानावर एका बाजूची तीन गुणांची रेषा चक्क चुकीच्या अंतरावर आखलेली होती! राष्ट्रीय स्पर्धेत! दोन्ही कोच म्हणाले, असू दे, खेळू. अझाया जेम्सनं 27 गुण केले, त्यात तीन गुणांचे सात फटके. पुढे साउथ कॅरोलायनानं 78-59 असं हरवलं. तो संघ अख्ख्या हंगामात एकदाही हरला नाही, तेव्हा त्यात लाज कसली?

बर्न्स, हॉर्न, मोर्सेल यांची कॉलेजची वर्षं संपली, त्यामुळे कीट्स यांना संघ जवळपास नव्यानं बांधावा लागला, आणि 2025 मध्ये त्यांची नोकरीही गेली. मुलींचे सामने रेनॉल्ड्स कॉलिझियममध्ये होतात. जुनं, लहान सभागृह, आवाज असा घुमतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. रालीच्या आसपास राहत असाल तर नोव्हेंबरमध्ये तिकीट काढा, आणि लवकर काढा, कारण आता रांग वाढणार आहे.