कपाटामागची भिंत

जुलै महिना, मुंबई उपनगरातला नवा टॉवर. हॉलमधलं हे कपाट जरा पुढे ओढा. मागे काळे-हिरवट ठिपके, आणि नाकात जाणारा कुबट वास. शेजारून पाइप गेलेला नाही, वर कुणाचं बाथरूम नाही. ही बाहेरची भिंतसुद्धा नाही.

पलीकडे बेडरूम आहे. तिथला एसी रात्रभर 18 वर.

ही भिंत विटांची नाही, ओतीव काँक्रीटची आहे. साइटवर तिला मायवान म्हणतात. काँक्रीटमधून गारवा चटकन आरपार जातो. वर कपाट भिंतीला चिकटवलेलं, त्यामुळे हॉलची ऊबही तिला लागत नाही. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असलेल्या हवेतलं बाष्प साधारण 26 अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसतं. ही भिंत त्याहून गार. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. खायला धूळ, रंग आणि कपाटाचं प्लाय आहेच.

पेंटर म्हणेल, अँटीफंगल रंग मारू. मारा, पुढच्या पावसाळ्यात ठिपके परत दिसतील.

आधी बघायचं, पाणी येतंय कुठून. भिंत पुसून कोरडी करा, प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवस थांबा. थेंब खोलीच्या बाजूने असतील, तर दोष हवेतल्या बाष्पाचा. प्लॅस्टिकच्या आत असतील, तर पाणी भिंतीतून येतंय.

हवेचा दोष असेल तर कपाट चार बोटं पुढे घ्या, एसी 26-27 वर ठेवा. ओले कपडे हॉलमध्ये वाळत घालू नका. ‘खिडक्या उघडा’ हा सल्ला सगळेच देतात, पण जुलैत बाहेरची हवा घरातल्यापेक्षा ओली असते. डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड लावून आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली आणलेली बरी. आहे ती बुरशी मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच वापरलंत तर त्यात टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

तुमची भिंत बाहेरची किंवा बाथरूमलगतची असेल आणि दोष भिंतीचा निघाला, तर खिडकीच्या चौकटीभोवतीचं सुटलेलं सिलिकॉन, बाहेरच्या भिंतीचे तडे, बाथरूमच्या फरशीतला पाणी वाहून जाण्याचा नहाणी ट्रॅप, सगळं तपासायला हवं. नव्या टॉवरांत खिडकीवर छज्जा क्वचितच असतो, म्हणून पश्चिमेचा पाऊस थेट चौकटीवर आपटतो. बाहेरचं काम सोसायटीच्या मीटिंगमध्ये आत्ताच मांडा, पण झूला (बाहेरून काम करण्यासाठी दोरांवर टांगलेली फळी) ऑक्टोबरनंतरच बांधा. पेंटरला बोलवायचं ते भिंत पूर्ण वाळल्यावर.