ओल्ड कोर्सवर चेंडू पडतो कुठे, थांबतो कुठे

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, टीव्हीवर पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, ‘यात एवढं काय आहे?’ प्रश्न रास्त आहे. तळी नाहीत, झाडं नावाला, आणि पहिल्या व अठराव्या होलला (खेळाच्या टप्प्याला) मिळून एकच भलामोठा फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा. चेंडू हरवायचा म्हटलं तरी मेहनत घ्यावी लागेल!

खरी गंमत जमिनीत आहे. समुद्र आणि शेतं यांच्यामधला हा वाळूचा पट्टा नांगराच्या कामाचा नव्हता. तिथे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे. वाळूत पाणी झटकन मुरतं. म्हणून जमीन टणक राहते, गवत बारीक आणि विरळ. आपल्याकडच्या पाणी पाजून हिरव्यागार ठेवलेल्या कोर्सवर चेंडू पडतो तिथेच बसतो. इथे तो पडल्यावर धावत सुटतो. मग उंचवटे, घळी, वारा सगळेच त्याच्याशी खेळायला लागतात. नकाशावर 112 बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत, पण उताराने चेंडू आत ओढला जातो, त्यामुळे प्रत्येक बंकर दिसतो त्यापेक्षा मोठाच असतो.

चांगल्या लिंक्सची, म्हणजे अशा समुद्रकाठच्या वाळूवरच्या कोर्सची, माझी कसोटी एवढीच: कोर्स तुम्हाला अडवत नाही, भरपूर जागा देतो, मात्र त्यातली सोयीची जागा धोक्याला खेटून असते. सतरावं होल घ्या, रोड होल. टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून, डावीकडे मारा, बिनघोर. पण तिथून पाहिलं की अरुंद, तिरप्या ग्रीनच्या (जिथे चेंडू घालायचा खड्डा असतो त्या गुळगुळीत हिरवळीच्या) तोंडाशी एक खोल बंकर बरोबर आड येतो, आणि पलीकडे रस्ता नि दगडी भिंत. ग्रीन मोकळं दिसायला हवं असेल तर उजवीकडे, हॉटेलच्या कुंपणालगत मारायचं धाडस हवं. तिथे जरा चुकलं की चेंडू हद्दीबाहेर.

1978 च्या ओपन स्पर्धेत जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत या ग्रीनवर होता. पुढचं काम पटरचं, चेंडू जमिनीवरून घरंगळवायच्या काठीचं, म्हणजे आता सुटलाच म्हणायचा. पण पट, म्हणजे पटरचा फटका, उतारावरून घरंगळत बंकरमध्ये गेला. बाहेर पडायला चार फटके लागले. होलवर एकूण नऊ.

आता चेंडू लांब जातात म्हणून 2010 च्या ओपनआधी सतराव्याची टी मागे सरकवली. मला ते फारसं पटलेलं नाही. ज्या दिवशी वारा पडतो आणि जमीन ओली असते, त्या दिवशी हा कोर्स निम्मा नि:शस्त्र असतो. मग यार्ड वाढवून भागत नाही.

2022 मध्ये शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा कॅमरन स्मिथ सतराव्यावर त्याच बंकरच्या अलीकडे अडकला होता. उंच फटका मारून तो ओलांडायचा मोह कुणालाही झाला असता. त्याने पटर काढला, चेंडू उतारावरून बंकरला वळसा घालून ग्रीनवर नेला, पुढचा पट घातला आणि पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेले चार फटके, वाचवला. ओपन त्याने एका फटक्याने जिंकली.