फर्नेसचा ब्लोअर थांबत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. थंडी पडली की टोरांटो, कॅलगरी, शिकागो, मिनियापोलिस अशा गावांतल्या आपल्या मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. घर हवं तेवढं तापलंय, गॅस विझलाय, तरी तळघरात फर्नेसचा (घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा) ब्लोअर, म्हणजे गरम हवा घरभर ढकलणारा पंखा, आपला घरघरतोच आहे, आणि व्हेंटमधून गार हवा येते आहे. मग कुणीतरी खाली जातं, फर्नेसशेजारचं दिव्याच्या बटणासारखं दिसणारं बटण बंद करतं आणि येऊन झोपतं. माझी कळकळीची विनंती आहे की, तेवढ्यावर थांबू नका. तो का चालतोय ते शोधा. काही वेळा फर्नेसने तो मुद्दाम चालू ठेवलेला असतो, कारण आत काहीतरी बिनसलेलं असतं.

ज्योत विझल्यावर दीड-दोन मिनिटं, काही फर्नेसमध्ये तीन मिनिटंसुद्धा, ब्लोअर चालतोच. आत उरलेली ऊब घरात ढकलण्यासाठी तशी योजनाच असते. तेवढ्याने घाबरू नका.

त्याहून जास्त वेळ चालला, तर आधी थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे घराचं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या यंत्रापाशी जा. तिथे फॅनसाठी ‘ऑटो’ आणि ‘ऑन’ अशा दोन जागा असतात. ‘ऑन’वर असेल तर ब्लोअर चोवीस तास फिरणार. भारतातून आईबाबा मुक्कामाला आले असतील तर हे पहिलं बघा. पंखा लावायचा म्हणजे ‘ऑन’ करायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. स्मार्ट थर्मोस्टॅटमध्ये दर तासाला काही मिनिटं पंखा फिरवायची सोय असते, तीही तपासा. कॅनडातल्या नव्या घरांत हवा बदलणारं एचआरव्ही यंत्र बऱ्याचदा ब्लोअरला जोडलेलं असतं. ते सुरू झालं की ब्लोअरही फिरतो, त्यात बिघाड काही नाही.

सगळं ‘ऑटो’वर आहे आणि तरी चालूच? मग फर्नेसची वीज बंद करा, थर्मोस्टॅटचा पुढचा भाग भिंतीवरून काढा आणि वीज पुन्हा सुरू करा. पाचेक मिनिटं थांबा. ब्लोअर गप्प राहिला तर दोष थर्मोस्टॅटचा. चालूच राहिला तर ‘जी’ खुणेच्या तारेकडे संशय जातो. पंख्याचा निरोप हीच तार नेते, आणि बहुतेक घरांत ती हिरवी असते. कुठेतरी स्टेपल रुतलेली असते, कुठे उंदराने कुरतडलेलं असतं, आणि सतत वीज असलेली ‘आर’ची तार तिला चिकटते. पुन्हा वीज बंद करून फर्नेसच्या बोर्डावरची (आतल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरची) ‘जी’ तार सोडवा, फर्नेसचं दार नीट लावा, वीज सुरू करा आणि बघा. बोर्डावर काम करताना वीज बंदच हवी. ‘आर’ आणि वीज परत नेणारी ‘सी’ या तारा एकमेकींना लागल्या तर फ्यूज उडतो. आणि दार उघडताच वीज तोडणारं सेफ्टी स्विच टेप लावून दाबून ठेवू नका, काही झालं तरी.

तरीही थांबला नाही, तर आता मुख्य गोष्ट. फर्नेसच्या आत लिमिट स्विच असतो. आतली उष्णता प्रमाणाबाहेर गेली की तो गॅस तोडतो आणि ब्लोअर चालू ठेवतो, म्हणजे आतला भाग गार व्हावा. उष्णता का साचते? हवा पुरेशी फिरत नाही म्हणून. आपल्या घरांत याचं कारण बहुतेक वेळा फिल्टर असतो. रोजची फोडणी, तळण, उदबत्ती, धूप, या सगळ्याचा तेलकट धूर आणि काजळी त्यात जाऊन बसते. फिल्टर उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर तो आजच बदला, आणि नवा बसवताना त्यावरचा बाण ब्लोअरच्या दिशेने ठेवा. दुसरं कारण काटकसर. रिकाम्या खोल्यांचे व्हेंट बंद केले की गॅस वाचतो असं पुष्कळांना वाटतं. दोन-चार बंद केले की तीच हवा अडते आणि फर्नेस तापते. सगळे उघडा. परत हवा ओढणाऱ्या मोठ्या जाळीपुढे सोफा किंवा दिवाण नाही ना, हेही पाहा.

लिमिटजवळच, बर्नरपाशी, रोलआऊट स्विच असतात. ज्योत बाहेर आली तर ते गॅस तोडतात, आणि बऱ्याच फर्नेसमध्ये त्यानंतरही ब्लोअर चालूच राहतो. त्यांच्यावरचं छोटं बटण दाबून मोकळे होऊ नका. हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्याच्या आत ज्योतीचा धूर असतो आणि बाहेरून घरची हवा तापते त्या धातूच्या भागाला, चीर गेलेली असू शकते, धुराचा मार्ग तुंबलेला असू शकतो, आणि मग कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, तीही घरातल्या सगळ्यांना एकदम, अशी लक्षणं दिसली किंवा कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर वाजला, तर खिडक्या उघडत बसू नका. मुलाबाळांना, वडीलधाऱ्यांना घेऊन बाहेर पडा आणि 911 लावा. झोपण्याच्या खोल्यांजवळ डिटेक्टर नसेल तर फर्नेसच्या आधी तो आणा.

यातलं काहीच नसेल, तर बहुधा बोर्डावरचा रिले, म्हणजे ब्लोअरला वीज देणारा छोटा स्विच, चिकटलेला असतो. वीज बंद करून त्याला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारली, दार लावून वीज सुरू केली आणि ब्लोअर गप्प राहिला तर निदान पक्कं, पण तो पुन्हा चिकटणार. बोर्ड बदलावाच लागतो. चालढकल करू नका: जुन्या पद्धतीची 500 वॅटची मोटर दिवसरात्र फिरली तर महिन्याला 360 युनिट वीज खाते.

टेक्निशियनला फोन करण्याआधी फर्नेसच्या दारातल्या छोट्या काचेतून बघा. आत एक दिवा लुकलुकत असतो. तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्याशी ताडून पाहा. तो आकडा, फिल्टर शेवटचा कधी बदलला, आणि व्हेंटमधून येणारी हवा गरम आहे की गार, एवढं फोनवर सांगितलंत तर तो योग्य सामान घेऊन येईल आणि त्याची दुसरी फेरी वाचेल.