धीर कुठे धरायचा

धीराबद्दल बोलायचं तर मला केडगावच्या पंडिता रमाबाईंपासून सुरुवात करावी लागेल, आणि तीही त्यांच्या अधीरपणापासून.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळातच आई, वडील आणि बहीण गमावली होती; भूक काय असते हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्या तडक तिकडे गेल्या आणि मुलींना, बायकांना घेऊन आल्या. इतक्या जणींना ठेवणार कुठे, खाऊ काय घालणार, हा हिशेब जुळेपर्यंत थांबल्या असत्या तर त्यातल्या कित्येक जणी जगल्याच नसत्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या छावण्यांत बायकांचे काय हाल होतात, हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर मांडलं आणि तो विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटापर्यंत गेला. सरकार ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, तेव्हा जरा दमानं घ्यावं, असं काही त्यांच्या मनात आलं नाही.

आता याच बाईंचं दुसरं काम पाहा. बायबल मराठीत होतंच, पण नुकतंच वाचायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईला ते जड जायचं. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. पंधरा वर्षांहून अधिक काळ ते चाललं होतं. छपाई मुक्ती मिशन या त्यांनीच केडगावला उभारलेल्या संस्थेच्या छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या आणि बायकांच्या हातांनी. अक्षराचा एकेक खिळा उचलायचा, काना-मात्रा-जोडाक्षरं सांभाळत ओळ जुळवायची, मुद्रित काढायचं, चूक सापडली की ओळ सोडवून पुन्हा जुळवायची, पान छापून झालं की खिळे परत आपापल्या खणात. मग पुढचं पान. मधल्या काळात बाईंना ऐकू कमी येऊ लागलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. भाषांतर चालूच राहिलं. ते हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला १९२४ साली.

म्हणजे दुसऱ्याची भूक समोर आली की ही बाई एक दिवस थांबत नाही, आणि स्वतःच्या कष्टाचं फळ मात्र डोळ्यांनी न पाहताही चालतं. आपलं नेमकं उलट होतं. बिल भरायच्या रांगेत दहा मिनिटं आपल्याला सोसवत नाहीत, पण नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या बहिणीला आपण सांगतो, "धीर धर, ख्रिस्तानंही सोसलं." हे मला पटत नाही, आणि शुभवर्तमानातही याला आधार नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं वाकलेली एक बाई आहे. सभास्थानाचा अधिकारी म्हणतो, कामाचे सहा दिवस आहेत, तेव्हा येऊन बरे व्हा. अठरा वर्षं काढली तिथे आणखी एक दिवस, असं वरवर वाटेल. प्रभू एक दिवसही थांबला नाही. शब्बाथाच्याच, म्हणजे काम न करण्याच्या विश्रांतीच्या दिवशी, सगळ्यांसमक्ष, त्यानं तिला सरळ केलं. स्वतःवर खटला चालला तेव्हा मात्र तो शांत राहिला.

धीर अंगी येतो कसा, हा प्रश्न मघाशी कोणीतरी विचारला. प्रेषित पौल त्याला पवित्र आत्म्याच्या फळांत गणतो, तेव्हा नुसत्या मनाच्या निग्रहानं तो येईल असं मी म्हणणार नाही. पण देवापुढे कुरकुर करायला घाबरू नका. बायबलमधला ईयोब दुःखात देवाशी केवढा भांडला! तेरावं स्तोत्र "कोठवर?" या प्रश्नानंच सुरू होतं, तोही एकदा नव्हे, चारदा. जो देवाला असं विचारू शकतो, त्याला घरच्यांवर आग पाखडावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे. या उपवासकाळात ते स्तोत्र रोज मोठ्यानं वाचा. आणि आपल्या मंडळीत कोणाला आपण उगाच थांबवून ठेवलं आहे, त्यांची नावं काढा आणि पुढच्या रविवारच्या आत त्यांच्या घरी जा.