केसपेपरवर न लिहिलेले आजार

मंडळी, पावसाळा सरला की कुठल्या रुग्णालयात किती माणसं दगावली याची चर्चा सुरू होते. ‘तिथे नेलेला माणूस काही परत येत नाही’ असा निकाल एसटी स्टँडवरच लागतो. तिथे मुळात कोण दाखल होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात कितीतरी घरांतली कर्ती मंडळी मुंबईला असतात. घरी उरतात म्हातारी माणसं, आणि त्यांचे आजार एकेकटे येत नाहीत.

मृत्यूंची तुलना करायची तर आधी हे ओझं मोजायला हवं. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १९८४ साली एका महिन्यात दाखल झालेल्या ५५९ रुग्णांचा वर्षभर माग काढून डॉ. मेरी चार्लसन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक निर्देशांक मांडला. त्यात १९ आजार आहेत, आणि धोक्याप्रमाणे प्रत्येकाला १, २, ३ किंवा ६ गुण. पूर्वी हार्ट अटॅक आला असेल तर १, साधा मधुमेह १, मधुमेहाने डोळे किंवा किडनी बिघडवली असेल तर २, शरीरात पसरलेला कर्करोग ६. पुढे वयाचे गुणही आले, पन्नाशीपासून दर दशकाला एक. आपल्याकडे ज्याचं नाव पहिलं निघतं, तो बीपी या यादीत नाहीच! १९९८ च्या, एलिक्सहाउझर या संशोधिकेच्या ३० आजारांच्या यादीत तो सापडतो.

आता समजा, गुहागरकडच्या बहात्तर वर्षांच्या आजी तापाने आल्या. ‘आधीचं काही दुखणं?’ विचारलं तर म्हणतात, ‘काय नाय ओ डॉक्टर, जरा साखर हाय.’ केसपेपरवर ‘ताप, मधुमेह’ एवढंच लिहिलं जातं. वयाचे ३ आणि मधुमेहाचा १, झाले ४. मग सून प्लास्टिकची पिशवी खाटेवर उलटी करते. त्यातून इनहेलर निघतो, रक्त पातळ करायच्या गोळ्या निघतात, आणि तळाशी घडी घातलेलं जुनं डिस्चार्ज कार्ड. त्यावर हार्ट अटॅकची नोंद, डोळ्याच्या पडद्याला लेझर केल्याची नोंद. चुलीच्या धुराने गेलेली छाती तर कानाला कळतेच. आता वयाचे ३, डोळे बिघडवलेल्या मधुमेहाचे २, हार्ट अटॅकचा १, छातीचा १, बेरीज ७.

आजी गेल्या आणि कागदावर ४ च राहिले, तर ‘बऱ्यापैकी धडधाकट’ बाई दगावली असा हिशोब होतो आणि बोल रुग्णालयाला लागतो. अमेरिकेतल्या जुन्या नोंदींत तर मधुमेह किंवा रक्तदाब लिहिलेल्या रुग्णांचे मृत्यू चक्क कमी दिसले होते. अत्यवस्थ माणसाच्या कागदावर तातडीच्या निदानांनीच जागा भरते, जुना मधुमेह राहून जातो. जिथे पैसे नोंदींवर मिळतात तिथे उलटा रोग, आजार फुगवून लिहायचा. दोन्हींपैकी आपल्याकडचं दुखणं बहुतेक पहिलंच, असं माझं मत.

बरं, गुणही कायमचे नसतात. २०११ मध्ये कॅनडातल्या नोंदींवरून ते पुन्हा काढले आणि सहा देशांच्या नोंदींवर पडताळले, तेव्हा साधा मधुमेह आणि जुना हार्ट अटॅक शून्यावर आले, हार्ट फेल्युअर १ वरून २ वर गेला. त्या सहांत भारत नव्हता. म्हणून मी बेरजेकडे बघतो ती अदमास म्हणून. एखाद्या वॉर्डातल्या शंभर रुग्णांबद्दल ती बरंच सांगते, समोरच्या एका आजींबद्दल कमी.

लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाच्या बाबतीत तर ती पार तोंडघशी पडते. नांगरणीहून आलेला पस्तिशीचा शेतकरी, पायाला चिरा, चार दिवसांचा ताप, डोळे लाल, पिंडऱ्या दुखतायत. त्याचे गुण शून्य. पण त्याच्या फुफ्फुसात रक्तस्राव सुरू झाला किंवा किडनी बंद पडली, तर तो त्या आजींच्या आधी जाईल. ही यादी जुनं ओझं मोजते, आजचा हल्ला नाही. तिथे श्वासाची गती, बीपी, प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) आणि दिवसभरात लघवी किती झाली हे बघायचं, आणि डायलिसिस जिथे आहे तिथे गाडी रात्रीच काढायची, सकाळची वाट न बघता.