आपली पाठ आपल्याला दिसत नाही

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: 'हौशी शरीरसौष्ठव स्पर्धेत प्रतिस्पर्धी एकमेकांना मदत का करतात?' विषय मीच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पन्नास मिनिटं मिळाली होती. त्यातली सात माझी ओळख करून देण्यात गेली आणि त्या ओळखीत एक चूकही झाली. मी 'माजी विजेता' नाही. अकरा वेळा स्पर्धेत उतरलो, एकदाही पहिला आलो नाही. चौथा मात्र पुष्कळदा आलो. चौथ्याला पदक नसतं, प्रमाणपत्र असतं, आणि त्यावर नाव बहुतेक वेळा चुकीचं असतं. (हशा) तेव्हा जिंकायचं कसं हे ऐकायला कोणी आलं असेल, तर त्यांनी चहा घेऊन निघालं तरी मला वाईट वाटणार नाही.

या खेळाबद्दल लोकांचा एक ठरलेला शेरा असतो: 'तुम्ही आरशाच्या प्रेमात पडलेली माणसं.' ही माझी जुनी जखम आहे. मी पहिल्यांदा उतरायचं ठरवलं तेव्हा घरूनही हेच ऐकलं. पण मला सांगा, आरशात काय दिसतं? छाती, दंड, पोट, मांड्या. अर्धा माणूस. स्पर्धेत पंच तुम्हाला चारही बाजूंनी वळवतात, आणि ठरलेल्या पोझपैकी निदान दोन तरी पाठमोऱ्या असतात. आमच्यात म्हणतातच, स्पर्धा पाठीवर जिंकली जाते. आणि पाठ ही अशी वस्तू आहे की तिचा मालक सोडून बाकी सगळ्यांना ती नीट दिसते. आपल्या भाषेनं हे आधीच ओळखलंय. पाठ थोपटतं कोण? दुसराच. पाठराखण करतो कोण? दुसराच. स्वतःची पाठ स्वतः थोपटणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे सांगायला नको.

तर, पहिली स्पर्धा. माझं वय एक्केचाळीस. सोळा आठवडे तयारी केली, वजन ८४ वरून ७३.६ किलोवर आणलं. या काळात माणसाचं काय होतं ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या संशोधकानं ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग केला होता. हे तरुण स्वतःहून आले होते. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खातंपितं कसं करायचं हे शोधायचं होतं. त्या मुलांना पुढे पुढे खाण्याखेरीज काही सुचेना. त्यातले काही पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. मी ते वाचलं आणि डोळे भरून आले, कारण बाराव्या आठवड्यात मी रात्री दोनपर्यंत केक बनवण्याचे व्हिडिओ बघत होतो. खाण्यासाठी नव्हे, नुसतेच. बायकोला वाटलं, काहीतरी लफडं आहे. (हशा) तिनं फोन बघितला आणि म्हणाली, "लफडं परवडलं असतं."

नाव नोंदवताना मी चाळीशीवरच्यांच्या गटात नोंदवलं होतं. सकाळी वजन झाल्यावर संयोजकांपैकी एकानं थंडपणे सांगितलं, त्या गटात एकच नाव आलंय, त्यामुळे गट रद्द. तुम्हाला ७५ किलोच्या खुल्या गटात घातलंय. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांत. मी म्हटलं, अहो, एकटाच आहे तर पहिला नंबर द्या आणि सोडा, कोणाचं काय जातंय? तो म्हणाला, "एकट्याची तुलना कोणाशी करणार?" त्या वेळी मला त्याचा गळा धरावासा वाटला. हे वाक्य लक्षात ठेवा, वेळ उरला तर त्याच्याकडे परत यायचंय.

आमचा गट अकराला स्टेजवर जाणार होता. गेला सव्वापाचला. मधले सहा तास आम्ही मागच्या एका लांबट खोलीत होतो. स्पर्धा म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर दिवे येतात, माझ्या नाकात ती खोली येते. अंगाला लावायच्या रंगाचा गोडसर उग्र वास, तेल, घाम. जमिनीवर जुन्या चादरी, कारण आमचा रंग लागतो तिथून जात नाही. त्यावर पंधरा-वीस माणसं आडवी, पाय भिंतीवर उंच टेकवलेले, हातांची घडी नाही, कोणाचा कोणाला स्पर्श नाही. पाणी प्यायचं तर स्ट्रॉनं, ओठांभोवतीचा रंग जाऊ नये म्हणून. जणू कोणीतरी तांब्याचे पुतळे वाळत घातलेत.

रंग कशाला, असं हमखास विचारतात. स्टेजवरचे दिवे एवढे प्रखर असतात की स्नायूंमधल्या सावल्या पुसल्या जातात आणि महिनोन्‌महिने कमावलेल्या रेषा सपाट दिसतात. त्वचा गडद असली की त्या रेषा उठतात. मुळात गोरे असा की सावळे, रंग सगळ्यांनाच लागतो. मी घरून लावून गेलो होतो. पुढून उत्तम. मागे हात पोचला तिथपर्यंत.

मी शर्ट काढला आणि मागून आवाज आला, "काका, पाठ कोण करणार?"

वळून बघितलं. छातीला नाही, कमरेला चौदा नंबरचा बिल्ला. वय फार तर पंचवीस. खांदे असे की दारातून तिरका आला असावा. सकाळपासून हा माझ्याकडे टक लावून बघत होता आणि मला वाटलं होतं, हा मला घाबरवतोय. तो माझी पाठ बघत होता. त्यानं प्लास्टिकचा हातमोजा चढवला, पिशवीतून भिंत रंगवायचा असतो तसा छोटा रोलर काढला आणि मानेपासून कमरेपर्यंत एकेक पट्टा एकावर एक अर्धा चढवत रंग लावला. मध्ये थांबून वाळू दिला. दुसरा हात दिला. काखेच्या मागे घडी पडते तिथे बोटानं. वीस मिनिटं. मी विचारलं, तुझा गट कोणता? "पंच्याहत्तर," तो म्हणाला. "तुमचाच."

मग साहजिकच मी म्हटलं, आण, तुझी पाठ मी करतो. मंडळी, आता जे सांगतो ते मी माझ्या मुलांनाही उशिरा सांगितलं. मला रंग लावता येत नव्हता. रोलरमधला रंग संपला होता, म्हणून मी स्पंज घेतला. घाई केली. वाळू न देता दुसरा हात दिला. बघता बघता त्याच्या पाठीवर पट्टे उमटले. पुसायला गेलो तर आणखी फिसकटलं. आणि मी काय म्हटलं? "झकास झालंय."

त्याला कसं कळणार? आपली पाठ आपल्याला दिसत नाही.

स्टेजवर जायच्या आधी रक्त खेळवून स्नायू फुगवतात, त्याला पंप म्हणतात. हलकी वजनं, रबरी पट्टे, जोर. पाय सहसा सोडून देतात, फुगले की मांडीवरच्या रेषा बुजतात. पाठीसाठी मात्र दोन माणसं लागतात. टॉवेलचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. मी ओढायचं, त्यानं हळूहळू सोडायचं. मग त्यानं ओढायचं. दहा मिनिटांनी ज्याच्याशी झुंजायचं त्याच्याशी असा टॉवेल ओढत उभं राहायचं आणि वर दोघांनी मोजायचं, अकरा, बारा, तेरा. असा दुसरा खेळ असेल तर मला दाखवा.

स्टेजवर पहिली आज्ञा मिळते, 'ढिले उभे राहा.' एवढी खोटी आज्ञा जगात दुसरी नसेल. ढिलं काहीही सोडायचं नसतं. पिंढऱ्या, मांड्या, पोट, खांदे सगळं ताणायचं आणि चेहऱ्यावर मात्र बसची वाट बघत उभे आहोत असा भाव. वजन उचलण्याचा सराव मी वर्षभर केला, उभं राहण्याचा केला नाही. पहिल्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या. पहिल्याच तुलनेत पंचांनी पाच जणांना पुढे बोलावलं, त्यात मी आणि शेजारी चौदा नंबर. समोरची दुहेरी बेटकुळी, म्हणजे दोन्ही हात वर घेऊन दंड फुगवायची पोझ, दाखवताना माझं सगळं लक्ष दंडात, पोट सुटलेलं. आणि डावीकडून ओठ न हलवता, हसरा चेहरा तसाच ठेवून कुजबुज आली, "काका, पोट!"

मी पोट आवळलं. पाठमोरं व्हायला सांगितलं. पाठमोऱ्या बेटकुळीत एक पाय मागे नेऊन चवड्यावर टेकवतात, पोटरी दिसावी म्हणून. तिथेच पोटरीत गोळा आला. आदल्या दिवसापासून मी पाणी तोडलं होतं. कुणीतरी सांगितलं होतं, पाणी तोडलं की कातडी पातळ दिसते. हा एक मूर्खपणा आहे आणि त्यावर मी वेगळं व्याख्यान देऊ शकतो. स्नायूचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. त्यात साठणारं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणजे ज्यानं स्नायू भरलेला दिसतो तेच काढून टाकायचं. आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. १९९२ मध्ये मोहम्मद बेनअझीझा हा व्यावसायिक खेळाडू नेदरलँड्समध्ये स्पर्धेनंतर काही तासांत गेला. पाणी काढण्याची औषधं घेतली होती. इथे कोणी तरुण बसले असतील तर त्यांनी एवढं एक घरी घेऊन जावं.

खाली उतरल्यावर मी पडद्यामागे कोसळलो. चौदानं माझा पाय गुडघ्यावर घेतला, अंगठा नडगीकडे ओढून धरला आणि गोळा जाईपर्यंत सोडला नाही. मग पिशवीतला भाताचा डबा उघडला आणि आम्ही एका चमच्यानं खाल्ला. मीठ नव्हतं. आयुष्यात एवढा चांगला भात खाल्लेला नाही.

निकाल लागला. मी चौथा. तो पाचवा.

संध्याकाळी एका पंचांना गाठून विचारलं, असं कसं? पुढून तर तो माझ्यापेक्षा सरस होता. ते म्हणाले, "पुढून होताच. पण पाठ केली आणि सगळं गेलं. रंग बघितलास का त्याचा? पट्टे पट्टे. काही दिसतच नव्हतं. तुझी पाठ काय स्वच्छ दिसत होती!"

मंडळी, त्यानं रंगवलेल्या पाठीनं मी चौथा आलो आणि मी रंगवलेल्या पाठीनं तो पाचवा. त्या रात्री मी त्याला सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी तो दिसला, तेव्हा त्याच्या पिशवीत दोन रोलर होते. एक माझ्या हातात देत म्हणाला, "काका, या वेळी स्पंज नाही." म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी चाचरत माफी मागितली. तर म्हणतो, "फोटो आले तेव्हाच कळलं. पण पाठ बरी होती हो. पट्ट्यांच्या मधेमधे दिसत होती."

(चिठ्ठी आली. सहा मिनिटं? बरं.)

आता विषय. १४ सप्टेंबर १९०१, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. त्या काळचे नामांकित बलवान युजेन सँडो यांनी पहिली मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा घेतली. सुमारे ६० स्पर्धक. पंच म्हणून सँडो स्वतः, शिल्पकार चार्ल्स लॉज आणि लेखक आर्थर कॉनन डॉयल. जिंकला नॉटिंगहॅमचा विल्यम मरे. निकष काय होते? एकूण विकास, त्यातला तोल, स्नायूंची स्थिती, प्रकृती, त्वचा. कोण किती वजन उचलतो याला एकही गुण नाही. म्हणजे सुरुवातीपासून हा खेळ बघण्याचा आहे, आणि बघायला दुसरा लागतो.

पहिलं कारण हेच. इथे घड्याळ नाही, फूटपट्टी नाही. धावणारा एकटा धावून वेळ लावू शकतो. आमच्याकडे अनेक स्पर्धांत पंच फक्त क्रम लावतात, टोकाचे आकडे वगळून उरलेल्यांची बेरीज करतात, ज्याची सर्वांत कमी तो पहिला. शेजारी कोणी नसेल तर तुम्हाला आकडाच नाही. म्हणून तर उंचीचे, वजनाचे गट पाडतात. चार फूट अकरा इंचांचे भारतीय शरीरसौष्ठवपटू मनोहर आइच १९५२ मध्ये मिस्टर युनिव्हर्स या जागतिक स्पर्धेत आपल्या उंचीच्या गटात पहिले आले. त्यांना सहा फुटी माणसाशेजारी उभं करून काय कळणार होतं? तो संयोजक बरोबर बोलत होता. गट रद्द करून त्यानं मला शेजारी दिला.

दुसरं कारण. त्या दिवशी करण्यासारखं काही उरलेलं नसतं. काम आधीच्या महिन्यांत झालेलं असतं. मी कोणाला पाडू शकत नाही, कोणाचा चेंडू अडवू शकत नाही. मग सहा तास त्या खोलीत वैर करून करणार काय? तिसरं कारण भूक. घरच्यांना ती कळत नाही, व्यायामशाळेतल्यांना अर्धी कळते. त्या खोलीत ती सगळ्यांना एकाच वेळी असते. याच्यावर मला बरंच बोलायचं होतं, राहिलं. स्नायू वाढवायची औषधं घेणारे आणि त्यांची चाचणी होणाऱ्या स्पर्धांत उतरणारे यांचं त्या खोलीत कसं पटतं, किंवा पटत नाही, तेही राहिलं. चहाच्या वेळी विचारा, तिथे जास्त खरं बोलेन.

मागच्या रांगेतून फर्माईश आलीय, एक पोझ दाखवा. कोट घालून? वय त्रेपन्न आहे हो माझं. बरं, दाखवतो. समोरची दुहेरी बेटकुळी. पण एकटा नाही दाखवणार. तुम्ही, निळा शर्ट, या वर. इथे, माझ्या डाव्या हाताला उभे राहा. तुम्हाला फक्त एकच शब्द म्हणायचाय, आणि ओठ हलवायचे नाहीत.